कांदेबाईंच्या खिडकीतल्या बाटल्या

कांदेबाईंचा उजवा अंगठा कायम लाल असायचा. मेंदीनं नव्हे, कुंकवानंही नव्हे. कांद्याच्या मुळाचं टोक काचपट्टीवर ठेवायचं, त्यावर लाल रंगाचा थेंब सोडायचा, वर पातळ काच ठेवायची आणि टिपकागदाआडून अंगठ्यानं दाब द्यायचा, हा उद्योग त्या रोह्याच्या आमच्या कॉलेजात कित्येक वर्षं करत आल्या होत्या. तो रंग नखाच्या कडेत मुरून बसला होता. एकदा पेणच्या रेशन दुकानात त्यांनी झोकदार सही केली, तेव्हा दुकानदार अंगठ्याकडे बघत म्हणाला, "सही येते तर मग कुठं अंगठा उठवून आलात, बाई?" ही गोष्ट त्यांनी आम्हाला वर्गात सांगितली आणि स्वतःच इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. बाई अशा मोकळ्या हसलेल्या मी फार वेळा पाहिल्या नाहीत, म्हणून ती लक्षात राहिली.

खरं नाव कुणी घेत नसे. वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुंडलिका नदीच्या बाजूला एक लांब खिडकी होती, तिच्यात रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर एकेक कांदा बसवलेला, बुडाला जेमतेम पाणी लागेल असा. चार दिवसांत पांढरी मुळं खाली सुटायची. शिपाईमामा म्हणायचे, "बाईंनी भाजी मंडई उघडलीय." झालं, कांदेबाई नाव पडलं ते पडलंच. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नव्हतं.

पण त्या ओळीत डाव्या टोकाला तीन बाटल्या वेगळ्या होत्या. त्यांना हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला नियम. त्या बाटल्यांतली मुळं कुणी कापत नसे. ती वाढत वाढत बुडाला टेकायची, तिथं गोल फिरायची, पांढऱ्या केसांचा गुंता व्हावा तशी दिसायची. कांदा सडला की बाई स्वतः तो टाकून नवा बसवायच्या, पण ब्लेड लावायच्या नाहीत. आमच्या वर्गातल्या एका शहाण्यानं एकदा घाईत त्यातल्याच एका बाटलीतलं मूळ कापलं. आम्हाला वाटलं, आता याची काही धडगत नाही. बाई ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, ती बाटली जवळ ओढली आणि म्हणाल्या, "आज जा तुम्ही सगळे." नंतर कधीही त्या खिडकीपाशी एकटी गेले की मला उगाच मागे वळून बघावंसं वाटायचं.

मी कासू गावची. बाई पेणला रोहा गाडीत बसायच्या, मी पुढल्या स्टेशनात चढायची. त्या मला नावानं हाकच मारत नसत. "ये कासू, बस," म्हणायच्या आणि पिशवी उचलून जागा करून द्यायच्या. सकाळचीच गाडी धरायचा त्यांचा हट्ट असे, कारण मुळं सकाळीच कापायची. "पेशींचं तुमच्यासारखं नाही," त्या म्हणायच्या. "त्या सकाळी कामाला लागतात. दहा वाजता डोळे चोळत येणाऱ्याला काही दिसत नाही." गाडी उशिरा आली की त्या दिवशी आमचं प्रात्यक्षिक फुकट जायचं आणि बाई दिवसभर रेल्वेवर डाफरायच्या.

शिकवायच्या मात्र अशा, की आजही डोळे मिटले तर वर्ग उभा राहतो. एकदा त्यांनी आजीचं नऊवारी पातळ आणलं. टेबलावरून सोडलं ते दारापर्यंत गेलं. मग ते घडी घालून, पीळ देऊन, पुन्हा गुंडाळून त्यांनी मुठीएवढं केलं. "पेशीत एवढा लांब धागा मावतो कसा? असा. आधी मण्यांवर गुंडाळायचा, मण्यांच्या माळेला पीळ द्यायचा, त्या पिळाच्या घड्या घालायच्या. एरवी तो सैल पसरलेला असतो, दिसतही नाही. पेशीला दोन व्हायचं असलं की आवराआवर होते. ती आवरलेली घडी म्हणजे गुणसूत्र." मागल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, घर बदलताना करतात तसं." बाई म्हणाल्या, "तसंच. पण इथं सामान बांधायच्या आधी सगळ्याची दुसरी प्रत तयार झालेली असते. म्हणून दोन्ही घरांत काही कमी पडत नाही."

ती प्रत कशी होते हे दाखवायला त्या मुलींना फुगडी घालायला लावायच्या. दोघी मुली हात धरून उभ्या. "हा जुना धागा, दोन पदरांचा. आता हात सोडा." हात सुटले की दोघींसमोर एकेक नवी मुलगी यायची, पण कुणीही नाही, जिची तिला जोडीदारीण ठरलेलीच. आता फुगड्या दोन, आणि प्रत्येकीत एक जुनी, एक नवी. पुन्हा हात सोडायचे, पुन्हा नव्या यायच्या. मग बाई विचारायच्या, "पहिल्या दोघी कुठं गेल्या?" आम्ही शोधायचो. त्या असायच्याच, फक्त वेगवेगळ्या फुगड्यांत. "बघा," बाई हळू आवाजात म्हणायच्या, "जुनं कुठं जात नाही. ते कुणाच्या तरी हातात हात घालून फिरत असतं." मुलं खिदळत असायची आणि बाईंचं लक्ष त्या खिडकीकडे असायचं.

पेणची पोरं वर्गात असली की एक गोष्ट हमखास व्हायची. एखादा उठून म्हणायचा, "बाई, म्हणजे आमच्या गणपतीच्या साच्यासारखं ना? एक साचा, त्यातून शंभर मूर्ती." आणि बाई भडकायच्या. "साचा म्हणालास तर मार्क कापीन. साचा बाजूला राहतो, त्याला काही होत नाही. मूर्ती बिघडली तर काढणाऱ्याला बोल लावता येतो. पेशीत असं बाजूला बसून राहणारं काही नसतं. जे आहे ते सगळं वाटणीत उतरतं." पोरगा बिचारा गांगरून बसायचा. इतकं रागवण्यासारखं त्यात काय होतं, हे मला पुढल्या वर्षी कळलं, आणि तेही बाईंच्या तोंडून नव्हे, आमच्याच गावातल्या सुमनताईकडून.

सुमनताई म्हणजे बाईंची भावजय, आणि आमच्या घरापासून तिसरं घर तिचं माहेर. बाईंचे थोरले भाऊ अण्णा, त्यांचा पेणला गणपतीचा कारखाना. सुमनताईला दिवस गेले होते, सातवा महिना, आणि ग्रहण लागलं. सासूनं तिला आतल्या खोलीत बसवलं, काही चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. कारखान्यात अण्णांनी मळून ठेवलेला शाडूचा मोठा गोळा उघडाच राहिला होता. माणसं घरोघर गेलेली. माती वाळली तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून ही उठली, तारेनं गोळ्याचे तुकडे केले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सासूनं दारातून पाहिलं. पुढे बाळू झाला. बारीक तिरके डोळे, चपटं नाक, मान धरायला उशीर, जीभ सारखी बाहेर. डॉक्टरांनी मंगोल बेबी म्हटलं. तेव्हा तसंच म्हणायचे.

सासू, म्हणजे बाईंची आई, कारखान्यातच जन्म घालवलेली. तिनं एकच वाक्य म्हटलं, "आमचा साचा चांगला होता. काढणारीच्या हातानं बिघडवलं." बाळूकडे बघणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, मूर्तीचा हात मोडला तर गिऱ्हाइकाला सांगावं तसं. अण्णा गप्प बसले. गप्प बसणारी माणसं फार नुकसान करतात, माझं तरी हेच मत आहे. बाळू दोन वर्षांचा असताना सुमनताई त्याला घेऊन कासूला आली ती राहिलीच. आणि तिनं कापणं सोडलं. विळीवर बसायची नाही. कोयता, कात्री, सुरी, कशालाच हात लावायची नाही. भाजी तिची आई चिरून द्यायची, बाळूची नखं माझी आई काढायची. आमच्याकडे लग्नाच्या स्वयंपाकाला सगळ्या बाया विळ्या घेऊन ओळीनं बसल्या की ही एकटी तांदूळ निवडत कोपऱ्यात. कुणी म्हटलंच, "ये गो, चार बटाटे चिर," तर हसून म्हणायची, "नाय गो, माझा हात चांगला नाय."

बाई दर रविवारी तिच्याकडे यायच्या. बाळूला खाऊ, सुमनताईला शाडूचा एक छोटा गोळा. मला वाटायचं, नणंद भावजयीची माया. माया होतीच. पण बाईंनी मनाशी एक गोष्ट धरली होती: वहिनी पुन्हा विळीवर बसली पाहिजे. तो दोष तिच्या हातावरून उतरला पाहिजे. "वहिनी, मी शिकवते तेच आहे हे," त्या ओटीवर बसून सांगायच्या. "माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं. बाळूच्यात सत्तेचाळीस असणार. वाटणी होताना एक जोडी सुटली नाही, दोन्ही एकीकडेच गेली. आणि हे झालं ते तो पोटात राहायच्याही आधी. ग्रहणाला तर तुम्हाला सातवा होता. मी मुंबईहून लेखी आणते. मग कोण बोलतं बघू." सुमनताई बाळूच्या डोक्यावरून हात फिरवत ऐकायची.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात बाईंची जुनी वर्गमैत्रीण डॉक्टर होती. बाळूचं रक्त तिकडे गेलं. तिथं रक्तातल्या पेशी वाढवतात, नेमक्या दोन होण्याच्या घटकेला थांबवतात, फोटो काढतात, मग त्या फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापून उंचीप्रमाणे जोड्या लावतात. उत्तर आलं तेव्हा बाई कॉलेजातच होत्या. पाकीट फोडून त्यांनी पाहिलं, मोजलं. शेहेचाळीसच होती. ही गोष्ट घरी गेली आणि त्यांच्या आईनं एवढंच म्हटलं, "म्हणजे मोजणी बरोबर भरली. मग ग्रहणच की." बाईंनी ज्या आकड्यावर एवढी भिस्त ठेवली होती त्यानंच दगा दिला. आठवडाभर त्यांनी ते पाकीट पिशवीतून पुन्हा काढलं नाही.

मग एकदा नीट पाहिलं तर मैत्रिणीनं फोटोखाली लिहिलं होतं, की चौदाव्या जोडीतलं एक वाजवीपेक्षा लांब आहे, नीट बघ. एकविसाव्या जोडीचं जादाचं तिसरं गुणसूत्र त्याच्या डोक्याला चिकटून बसलं होतं. म्हणजे मोजायला शेहेचाळीस, पण आत ऐवज सत्तेचाळीसचाच. आणि अशी चिकटलेली जोडी पुष्कळदा आईबापांपैकी कुणाकडून तरी येते, ज्याला स्वतःला काहीच झालेलं नसतं. कारण त्याचं सामान पूर्ण असतं, फक्त दोन गाठोडी एकत्र बांधलेली. वाटणीच्या वेळी घोटाळा होतो. बाईंनी अण्णांना आणि सुमनताईला रक्त द्यायला लावलं. अण्णा कधी नव्हे ते बायकोशेजारी बाकड्यावर बसले. बाईंनी त्याच वेळी आपलीही बाही वर केली. मैत्रिणीनं विचारलं, "तू कशाला?" त्या म्हणाल्या, "असू दे. हिशेब पुरा होऊ दे."

सुमनताईचं सगळं निर्मळ निघालं. अण्णांच्यात ती चिकटलेली जोडी होती, आणि बाईंच्यातही.

ऐन गणपतीच्या हंगामात, कारखान्यात रंगकाम जोरात चाललेलं असताना, बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि कारागिरांसमोर सगळं सांगितलं. हे मला अण्णांच्या एका कारागिरानं पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. म्हणाला, डोळ्यांची आखणी चालली होती, सगळ्यांचे ब्रश थांबले. बाईंची आई म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून आलं म्हणतेस?" बाई म्हणाल्या, "तुझ्याकडून नाहीतर बाबांकडून. चूक कुणाचीच नाही. पण वहिनीची तर नाहीच नाही." म्हातारीनं समोरची मूर्ती भिंतीकडे वळवली. मग म्हणाली, "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस." त्यानंतर ती लेकीच्या हातचं पाणी प्यायली नाही. अण्णा मात्र दुसऱ्या दिवशी कासूला आले. पायरीखाली उभे राहून म्हणाले, "चल घरी." सुमनताई म्हणाली, "हितं बरं हाय." त्यांनी चप्पल परत घातली आणि गेले.

त्याच सुमारास एकदा परतीच्या गाडीत, नागोठणं सुटल्यावर, बाई आपणहून बोलल्या. बाहेर बघत होत्या. "कासू, तुला माहीत नसेल. माझं लग्न रोह्यातच झालं होतं. तीनदा दिवस गेले, तीनदा तिसऱ्या चौथ्या महिन्यात गेलं. सासरी म्हणाले, कॉलेजात उभं राहून शिकवते, गाडीनं माहेरी हिंडते, पोटात काही टिकायचं कसं. माहेरी कायमची आले तर आईनं सांगितलं, घराबाहेर बोलू नकोस. अण्णाला सुद्धा माहीत नाही." मग लाल अंगठा पदराला पुसत म्हणाल्या, "आता कळलं का गेलं ते. त्या चिकटलेल्या जोडीनं. माझ्या उभं राहण्यानं नाही, हिंडण्यानं नाही. इतकी वर्षं शिकवलं ना मी, गुणसूत्रं, गुणसूत्रं? आणि आपल्या पोटात काय झालं ते मैत्रिणीच्या चिठ्ठीनं कळलं." मला खिडकीतल्या त्या तीन बाटल्या आठवल्या. आमचं स्टेशन आलं, मी उतरले, आणि हात हलवायचंही मला सुचलं नाही.

पुढल्या रविवारी बाई आमच्या गावात आल्या त्या कात्री घेऊन. मी सुमनताईच्या ओटीवरच होते. बाईंनी बाळूच्या फोटोची मोठी प्रत काढून आणली होती, तिच्यात गुणसूत्रं विस्कटून पडलेली. शेजारी कोरा कागद आणि वाटीत भाताची खळ. वर्गात आम्हाला करायला लावायच्या तेच. "वहिनी, एकेक कापायचं आणि उंचीनं जोड्या लावायच्या. तुम्ही स्वतः लावा, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल." सुमनताईनं नीट ऐकून घेतलं. एकेका गुणसूत्रावरून बोट फिरवलं. ते लांब गुणसूत्र आल्यावर म्हणाली, "ह्यो का तो?" बाई म्हणाल्या, "हा. आणि हा अण्णाकडून आला." सुमनताई म्हणाली, "म्हंजी माझ्या हातानं नाय झालं." "नाही." "ग्रहणानं बी नाय." "नाही, वहिनी." बाईंनी कात्री तिच्यापुढे सरकवली. तिनं हात पदराखाली घेतला. "वन्सं, तुमचं खोटं नाय. मला सगळं पटलं. पण त्या दिवशी तार माझ्या हातात होती ना."

बाईंनी स्वतःच कापलं, सगळ्या जोड्या चिकटवल्या. बाळू मांडीवर बसून खळ चाटत होता.

त्यानंतर किती रविवार गेले असतील. मी बीएस्सी झाले, पेणला रामवाडीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, लग्न झालं, मुलं झाली. डोलवीला मोठी कंपनी आली, आमच्या कासूची पोरं शिफ्टनं जाऊ लागली. बाळू वाढला, दाढी आली. बाई निवृत्त झाल्या, सगळ्या बाटल्या पेणच्या घरी आणल्या. पण रविवारी कासू चुकलं नाही, आणि पिशवीतली कात्रीही चुकली नाही. आता त्या ती बाहेर काढत नसत, नुसती असायची. एकदा लॅबमध्ये माझ्याकडे रक्त तपासायला आल्या होत्या, तेव्हा मी म्हटलं, "बाई, सोडून द्या आता. सुमनताई सुखात आहे." त्या म्हणाल्या, "सुखात आहे गं. पण मी तिला नुसतं पटवलं, सोडवलं नाही. मला वाटायचं, कळलं की सुटतं माणूस." मी सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला. त्यांच्या अंगठ्याची लाली आता पुसट झाली होती.

त्या रक्तात जे निघायला नको होतं ते निघालं. बाई झपाट्यानं खालावल्या. त्यांची आई केव्हाच गेली होती. घरात अण्णा, तेही थकलेले. तेव्हा सुमनताई आपणहून बाळूला घेऊन पेणला आली. ज्या घरातून निघाली होती त्याच घरात, नणदेच्या उशाशी बसली. औषध, पेज, अंग पुसणं, सगळं तिनं केलं. फक्त चिरायचं काही असलं की शेजारणीला हाक मारायची. बाळूनं बाटल्यांचं खातं घेतलं. रोज पाणी बदलायचं, कांदा मऊ पडला की ओरडून सांगायचं. टोकाच्या तीन बाटल्यांना बाई त्याच्याकडूनच नवे कांदे बसवून घ्यायच्या. "हे नाय कापायचे," बाळू मला बजावायचा, ओठांवर बोट ठेवून. "आत्याचे."

शेवटी शेवटी बाईंना नीट बोलता येत नव्हतं. मी गेले की अंगठा माझ्या हातावर दाबून ठेवायच्या, काचपट्टीवर दाबत तसा. वाकडा दाबला तर पेशी सरकतात, सरळ दाबायचा, असं त्यांनीच शिकवलेलं. त्या गेल्या त्या सकाळी मी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकात बघत होते आणि फोन आला. फोन ठेवून मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, पण काही दिसेना. मग लक्षात आलं की रडू येतंय.

तेरावं झाल्यावर मी सकाळीच त्यांच्या घरी गेले. माणसं पांगली होती. बाईंच्या खोलीत सुमनताई खिडकीपाशी उभी होती. "ह्या बाटल्यांचं काय करायचं गो? मुळं कापायची असतात ना? ह्या तिघांची बघ कशी वाढलीत." मी म्हटलं, "त्या नव्हत्या कापत." "का?" तिला खरंच माहीत नव्हतं. मग मी सांगितलं. रोह्याचं लग्न मोडलेलं तिला ठाऊक होतं, पुढचं नव्हतं: तीनदा राहिलेलं, तीनदा गेलेलं, सासरच्यांचे बोल, आणि गाडीत बाईंनी मला जे जे सांगितलं ते. एवढ्या वर्षांत बाईंनी त्या ओटीवर दुसऱ्याच्या पोटाचं सगळं उलगडून दाखवलं होतं, आपलं एक अक्षर काढलं नव्हतं. सुमनताई खाली बसली. बाळूही तिच्याशेजारी बसला.

"मला म्हणायच्या, हातानं काय होत नाय," ती म्हणाली. "दर रविवारी म्हणायच्या. आणि सोता हितं तीन बाटल्या ठेवून बसल्या व्हत्या. त्यांच्यानं बी नाय कापवलं."

वीस वर्षं ह्या दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि दोघींचे हात एकाच गोष्टीला घाबरत होते.

सुमनताई उठली. बाईंची पिशवी खुंटीला होती, तिच्यात हात घालून तिनं कात्री काढली. बाळूनं पहिला कांदा उचलून धरला, मुळं खाली लोंबत होती, पाणी ठिबकत होतं. "आत्याचे," तो म्हणाला. "व्हय," सुमनताई म्हणाली, "आत्याचंच काम करतेय, नीट धर." आणि तिनं कापलं. एकेक करून तिन्ही कांद्यांची मुळं कापली, टोकं कुठं असतात ते मला विचारून विचारून. मी ती बाईंच्याच एका छोट्या बाटलीत घेतली. "दुर्बिणीत बघ," ती म्हणाली, "आणि मला सांग."

मी तशीच लॅबमध्ये गेले. इतक्या वर्षांनी मुळांची टोकं आम्लात टाकली, दिव्यावर ऊब दिली, लाल रंगाचा थेंब सोडला आणि टिपकागदावर अंगठा ठेवला. बाईंचा दाब आठवला. सूक्ष्मदर्शकात आधी नुसत्या विटांच्या भिंतीसारख्या पेशी, मग एकीत दिसलं. लाल धागे मधून सुटून दोन्ही टोकांना चालले होते, इकडे जेवढे तेवढेच तिकडे. बाजूला आणखी एकीत, पुढं आणखी. मी फोन लावला.

"वाटणी चाललीय," मी म्हटलं. "दोन्हीकडे सारखी."

मग तिनं विचारलं, "ह्या कांद्यांना पात चांगली फुटलीय. टाकून देऊ का?"

"टाकतेस कशाला? भाजी कर."

"व्हय," ती म्हणाली. फोन तिनं तसाच बाजूला ठेवला असावा, कारण मला बाळूचं हसू ऐकू आलं, पाट ओढल्याचा आवाज आला आणि मग विळीचा.